जुनी सेमी-ऑटोमॅटिक .२२ रायफल पुन्हा चालती करताना

जुन्या .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफली बहुधा ‘अडकते’ किंवा ‘पुंगळी बाहेर टाकत नाही’ अशा तक्रारीसह हाती येतात. त्यांतल्या बऱ्याचशा मोडलेल्या नसतात, तुंबलेल्या असतात. रिमफायर काडतुसाच्या (ज्याची ठिणगी देणारी दारू, म्हणजे प्राइमर, पुंगळीच्या कडेत असते) शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीसारखा पातळ थर असतो. बार उडाला की तो थर, जळलेल्या दारूची काजळी आणि शिशाचे कण यांतला बराच भाग मागे रिसीव्हरमध्ये, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या मधल्या भागात येतो. त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी तेल ओततो आणि काही दशकांत आत काळी, चिकट खळ तयार होते. म्हणून कामाचा क्रम ठरलेला ठेवा: आधी ओळख, मग साफसफाई, मग स्प्रिंगा आणि अगदी शेवटी नवे भाग. या क्रमाच्या उलट जाणारे आधी नवा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारे नख) विकत घेतात आणि नंतर कळते की खरा दोष चेंबरमधल्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेतल्या काजळीचा होता.

कायद्याचे एवढेच सांगतो की परवाना आणि मालकीची नोंद आपल्या नावावर झाल्याशिवाय कामाला हात लावू नका. नळीची लांबी बदलू नका, सिरियल नंबर घासू किंवा पुसू नका. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यापूर्वी बनलेल्या अनेक साध्या .२२ रायफलींवर मुळातच नंबर नसतो, तेव्हा नंबर नाही म्हणजे खोडला असेच असते असे नाही. पण नंबर असायला हवा त्या जागी घासल्याच्या खुणा दिसल्या तर ती रायफल घेऊच नका.

आधी ती रिकामी आहे का ते पाहा

बॉक्स मॅगझिन असेल तर ते काढा. नळीखाली किंवा दस्त्यात ट्यूब मॅगझिन असेल तर आतली ट्यूब पूर्ण बाहेर ओढा. नुसती अर्धवट ओढून ‘रिकामी दिसते’ म्हणणे धोक्याचे आहे, कारण कमजोर स्प्रिंगमुळे एखादे काडतूस बाहेरच्या ट्यूबमध्ये चिकटून राहते आणि रायफल हलवली की पुढे सरकते. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून रायफल तिरकी करा, ट्यूबवर बोटाने टिचक्या मारा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) दोन-तीनदा पूर्ण मागे ओढा. मग बोल्ट मागे धरून चेंबरमध्ये टॉर्च मारून पाहा आणि करंगळीने किंवा लाकडी काडीने चाचपूनही पाहा. काडतूस वर उचलणाऱ्या लिफ्टरच्या कप्प्यातही नजर टाका, तिथे लपलेले काडतूस सहसा सुटते. काम चालू असताना खोलीत एकही जिवंत काडतूस नको.

कोणती रायफल आहे?

हा प्रश्न हौशी माहितीचा वाटतो, पण काडतूस कोणते घालायचे ते यावरच ठरते.

विंचेस्टर मॉडेल १९०३ हे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. ही .२२ लाँग रायफल या नेहमीच्या काडतुसासाठी नाही, .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक या वेगळ्या काडतुसासाठी आहे. त्या काळी काळ्या दारूची .२२ काडतुसे बाजारात सर्रास मिळत. ती या यंत्रणेत कोणी घालू नयेत म्हणून काडतूसच वेगळे बनवले होते. त्याची पुंगळी सुमारे ६.३ मिमी जाड असते, लाँग रायफलची सुमारे ५.७ मिमी. त्यामुळे लाँग रायफल काडतूस या चेंबरमध्ये सैल बसते, पुंगळी फाटते आणि गरम वायू मागे नेमबाजाकडे येतो. १९३३ ची मॉडेल ६३ बाहेरून तशीच दिसते, पण ती लाँग रायफलसाठी आहे. दोन्हींत बोल्ट मागे न्यायला फोरएंडच्या (नळीखालच्या लाकडी मुठीच्या) पुढच्या टोकातून निघालेला दांडा आत दाबावा लागतो. तो दाबताना हात आणि चेहरा नळीच्या तोंडासमोर येणार नाही अशी पकड आधीच ठरवा.

ब्राउनिंगने आखलेली छोटी टेकडाउन, म्हणजे दोन तुकड्यांत सुटी होणारी रायफल बेल्जियमच्या एफएनने १९१४ मध्ये आणली. रेमिंग्टनने ती मॉडेल २४ म्हणून १९२२ पासून आणि पुढे जास्त दणकट करून मॉडेल २४१ म्हणून १९३५ पासून बनवली. हिचे मॅगझिन दस्त्यात असते आणि पुंगळ्या खाली पडतात. नळी रिसीव्हरला सैल वाटली तर घाबरू नका, नळीवरची समायोजन रिंग त्यासाठीच आहे. ती एकेक खाच फिरवून खेळ काढता येतो. मॉडेल २४ काही .२२ शॉर्ट या आखूड काडतुसासाठी तर काही लाँग रायफलसाठी बनल्या, म्हणून नळीवरचा ठसा वाचल्याशिवाय काडतूस आणू नका. मॉडेल २४ ला मंद, स्टँडर्ड वेगाचीच काडतुसे द्या. ती हाय-व्हेलॉसिटी .२२ रूढ होण्याआधीची आहे.

रेमिंग्टन ५५०-१ मध्ये चेंबर हाच एक सुटा, सरकणारा तुकडा असतो. त्यामुळे शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसे तीत चालतात. तो तुकडा काजळीने जाम झाला की रायफल मेल्यासारखी होते, आणि तो मोकळा केला की बहुतेक वेळा पुन्हा सुरू होते.

स्टीव्हन्स, स्प्रिंगफील्ड आणि सॅव्हेज या नावांनी विकलेल्या ८७ए जातीच्या रायफलींबद्दल नवशिक्यांचा हमखास गैरसमज होतो. बार उडाल्यावर ट्रिगर दाबून ठेवला तर बोल्ट मागेच राहतो आणि सोडल्यावर ‘खटक’ करून पुढे जातो. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. रिसीव्हरच्या बाजूला माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी दिसल्या तर हीच. या जातीला घाण अजिबात चालत नाही.

रेमिंग्टन नायलॉन ६६ (१९५९) चा रिसीव्हर आणि दस्ता नायलॉनचा एकसंध आहे, वर दिसते ते धातूचे फक्त आवरण. आत तेल घालू नका, नायलॉनला ते लागत नाही आणि तेल घातले की फक्त धूळ साचते. पूर्ण सुटी करण्याचा मोहही टाळा, ती परत जुळवणे नवख्याचे काम नाही. पहिलीच रायफल घेत असाल तर मार्लिन ६० (१९६०) किंवा रुगर १०/२२ (१९६४) घ्या. स्प्रिंगा आणि पिना सहज मिळतात आणि काही चुकलेच तर वाईट वाटत नाही.

हत्यारे

समांतर पात्याचे, म्हणजे खाचेत तळापर्यंत घट्ट बसणारे स्क्रूड्रायव्हर ही पहिली खरेदी. साधा पाचरीसारखा निमुळता स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटतो, स्क्रूचे डोके खराब करतो आणि त्याबरोबर रायफलीची किंमतही उतरवतो. शिवाय १.५ ते ५ मिमीचे पितळी व पोलादी पंच, नायलॉनची हातोडी, .२२ चा फॉस्फर ब्राँझ ब्रश, एकसंध क्लीनिंग रॉड किंवा ओढायची केबल, सुती चिंध्या, सॉल्व्हेंट, मुरणारे तेल, टूथब्रश, दातकोरण्या आणि चांगले भिंग. स्प्रिंगा उडतात, म्हणून त्या सोडताना हात मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

जुना स्क्रू हलत नसेल तर मुरणारे तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी पाते खाचेत बसवून स्क्रूड्रायव्हरच्या मागे नायलॉन हातोडीने हलके ठोके द्या, मग आधी घट्ट करण्याच्या दिशेला किंचित आणि नंतर सैल करण्याच्या दिशेला फिरवा. पिना कोणत्या बाजूने काढायच्या ते मॉडेलच्या आकृतीत बघा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, विशेषतः ट्रिगरजवळच्या स्प्रिंगांची टोके कशात अडकली आहेत त्याचा.

साफसफाई

१. दस्ता आधी वेगळा करा. सॉल्व्हेंट लाकडात मुरले तर डाग जात नाही.

२. बोल्ट, रिकॉइल स्प्रिंग आणि तिचा मार्गदर्शक दांडा काढा. मार्लिन ६० ची रिकॉइल स्प्रिंग लांब आणि बारीक असते, परत बसवताना वाकडी झाली की नवीनच घ्यावी लागते.

३. ट्रिगरची यंत्रणा एकत्र खोक्यात असेल तर ती सुटी करू नका. मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावणात) अर्धा तास बुडवा, टूथब्रशने घासा, हवेने फुंकून कोरडी करा. यात प्लॅस्टिकचे भाग असतील तर अ‍ॅसिटोन वापरू नका.

४. बोल्टचा चेहरा, एक्स्ट्रॅक्टरच्या खालची खाच आणि फायरिंग पिनची खोबण दातकोरणीने खरवडा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली दगडासारखी घट्ट झालेली काजळी असतेच.

५. फायरिंग पिन बोटाने ढकलून पाहा. ती बिनअडथळा मागेपुढे सरकली पाहिजे. पुढे येऊन अडकलेली पिन हा या रायफलींतला सर्वांत गंभीर दोष आहे, कारण बोल्ट पुढे आपटताच ट्रिगर न दाबता बार उडू शकतो.

६. चेंबरमध्ये सॉल्व्हेंटने भिजवलेली चिंधी २० मिनिटे ठेवा, मग ब्राँझ ब्रश हाताने गोल फिरवा. जिने आयुष्यभर शॉर्ट काडतुसे उडवली, त्या रायफलीच्या लाँग रायफल चेंबरमध्ये शॉर्टच्या पुंगळीचे तोंड येते त्या जागी काजळीचे कडे तयार होते. लाँग रायफलची पुंगळी त्यातच अडकते. कडे निघाल्यावर तिथे धातू झिजलेला दिसला तर तो भाग साफसफाईने सुधारणार नाही.

७. नळी शक्य असेल तर चेंबरकडून साफ करा. बहुतेक रायफलींत रिसीव्हर मागून बंद असल्याने ते जमत नाही, तेव्हा ओढायची केबल वापरा. तोंडाकडून रॉड घालायचाच असेल तर तोंडावर मार्गदर्शक टोपी लावा. नळीच्या तोंडाची आतली कडा झिजली की नेम बिघडतो, आणि अनेक जुन्या रायफलींत ती बिघडते तीच रॉड घासून.

८. शिसे साचले असेल तर जुन्या ब्रशभोवती शुद्ध तांब्याच्या तारेचे काही धागे गुंडाळून दहा-बारा फेऱ्या मारा. तांबे आहे की तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद, ते आधी चुंबकाने तपासा.

चिंधी आतून ओढताना एखाद्या ठिकाणी अचानक सैल वाटली आणि प्रकाशात तिथे काळपट कडे दिसले, तर नळी फुगलेली आहे. आधीची गोळी नळीत अडकली असताना कोणीतरी दुसरा बार काढला असणार. अशी नळी गनस्मिथला दाखवल्याशिवाय वापरू नका. नुसते बारीक खड्डे असतील तर मात्र निराश होऊ नका. क्षार सोडणाऱ्या जुन्या प्राइमरमुळे ते पडतात. गंज न आणणारा प्राइमर रेमिंग्टनने १९२६ मध्ये आणला, त्याआधीच्या रायफलींत खड्डे जवळजवळ गृहीतच धरा. खड्डे असलेली नळी लवकर शिसे धरते, तरी ५० मीटरपर्यंत बऱ्यापैकी नेम देऊ शकते. नळी बदलण्याआधी कागदावर गोळ्या मारून बघा.

तेल लावताना हात आखडता घ्या. बोल्टच्या दोन्ही धारांवर एकेक थेंब, एक्स्ट्रॅक्टरच्या खिळीवर अर्धा. चेंबर आणि फायरिंग पिनची खोबण कोरडी.

काम झाल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा. रिमफायरच्या प्राइमरमध्येही शिशाचे संयुग असते, म्हणून खाणेपिणे या टेबलावर नको.

चेंबरची कड आणि एक्स्ट्रॅक्टर

रिमफायर रायफल रिकामी झाडू नये, ही सूचना या वयाच्या रायफलींच्या बाबतीत काटेकोर पाळा. पिन पुंगळीच्या कडेऐवजी चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खळगा पडतो. खळग्यातून सरकलेला धातू चेंबरमध्ये बारीक उंचवट्यासारखा येतो आणि पुंगळी आत-बाहेर होताना अडते. भिंगाने पिन पडते ती जागा पाहा. उंचवटा असेल तर चेंबर-आयर्न नावाच्या हत्याराने धातू परत ढकलता येतो. ते काम गनस्मिथचे. कानस लावू नका, काढलेला धातू परत येत नाही.

सराव म्हणून काडतूस भरून-काढून बघायला भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ते छोटे प्लॅस्टिकचे प्लग चांगले. योग्य मापाचा प्लग चेंबरमध्ये बसतो आणि त्याच्या कडेवर पिन पडली तरी चेंबर वाचतो. खूण पडली की बदला.

एक्स्ट्रॅक्टरची चाचणी सोपी आहे. बोल्ट हातात घेऊन रिकाम्या पुंगळीची कड नखाखाली सरकवा आणि पुंगळी खाली लोंबकळू द्या. हलक्या झटक्याने ती पडली तर नख बोथट किंवा स्प्रिंग थकलेली. स्प्रिंग ओढून लांब करू नका, ती काही दिवसांत पुन्हा बसते. पुंगळीच्या कडेसाठी (रिमसाठी) चेंबर आणि बोल्टमधली जागा गेजने, म्हणजे मापाच्या तुकड्याने तपासतात: १.०९ मिमीच्या ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हावा आणि १.१७ मिमीच्या ‘नो-गो’वर होऊ नये. बोल्ट नो-गोवर बंद झाला तर पुंगळीची कड फुटण्याची शक्यता वाढते.

गंज आणि लाकूड

इथे थांबायला शिकणे सर्वांत कठीण असते. मूळ निळा रंग ६० टक्के उरलेली, थोडी घासलेली रायफल ही नव्याने चमकवलेल्या रायफलीपेक्षा संग्राहकांना बहुधा जास्त हवीशी वाटते. बफिंग मशीनवर अक्षरांच्या कडा आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा एकदा गोलावल्या की संपले. हलका लाल गंज तेल आणि ०००० नंबरच्या स्टील वुलने, दाब न देता काढा.

गंज जास्त असेल तर फक्त पोलादी भाग, सगळे तेल काढून, डिस्टिल्ड पाण्यात २० मिनिटे उकळा. लाल गंजाचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. तो भाग सुकल्यावर तेलविरहित ०००० स्टील वुलने हळू पुसायचा आणि लगेच तेल लावायचे. काळेपणा एकसारखा होईपर्यंत दोन-तीन फेऱ्या लागू शकतात. मऊ डाखाने जोडलेले किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भाग या पाण्यात नको. युद्धोत्तर काळातल्या काही स्वस्त .२२ रायफलींचे रिसीव्हर अ‍ॅल्युमिनियमचे असतात, म्हणून आधी चुंबक लावून बघा. बाटलीतला थंड निळा रंग स्क्रूच्या डोक्यापुरता ठीक, मोठ्या भागावर तो डागाळतो.

दस्त्यावरचा खळगा ओला कापड ठेवून वर गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवले की बराचसा वर येतो. लाकडाचे तंतू तुटलेले असतील तर येत नाही. लाकूड धातूला भेटते त्या कडेला सँडपेपर लावू नका, नाहीतर लाकूड धातूपेक्षा खाली जाते. तेल मुरून काळे झालेल्या लाकडावर खडूच्या बारीक पुडीचा आणि अ‍ॅसिटोनचा लेप लावून सुकू द्या, तेल पुडीत ओढले जाते. हे खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून दूर. शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येकात एक दिवस अंतर. त्या तेलाची बोळी केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

जिवंत काडतुसाआधी आणि नंतर

जुळवल्यावर चेंबरमध्ये प्लग ठेवून हे तपासा. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात दाबा: काही घडता कामा नये. मग ट्रिगर तसाच सोडून सेफ्टी काढा: तेव्हाही घोडा पडता कामा नये. पुढे ट्रिगर दाबून ठेवा, बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडा, आणि ट्रिगर सावकाश सोडा. बारीक ‘टिक’ येऊन यंत्रणा पुन्हा धरली गेली पाहिजे. ८७ए जातीत बोल्टचे वागणे वेगळे असते, तिथे मॉडेलची माहिती पाहा.

रेंजवर मॅगझिनमध्ये पहिल्यांदा एकच काडतूस, असे दहा वेळा. मग दोन, मग तीन. एका दाबात दोन बार उडाले तर तिथेच थांबा, रिकामी करा आणि गनस्मिथकडे न्या. सीअरची (घोडा धरून ठेवणाऱ्या आकड्याची) धार स्वतः घासण्याचा प्रयत्न करू नका. ती रायफल कायद्याने वेगळ्याच वर्गात जाण्याची आणि हाताबाहेर जाण्याची दोन्ही भीती आहे. बार उडाला नाही तर तोंड लक्ष्याकडे ठेवून किमान ३० सेकंद थांबा. आवाज नेहमीपेक्षा हलका आला तर पुढचा बार काढण्याआधी नळीतून पलीकडचे दिसते का ते पाहा.

आता दोष ओळखणे. पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर चेंबर, मग एक्स्ट्रॅक्टर. पुंगळी बाहेर पडताना खिडकीत उभी अडकली तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही: कमजोर काडतूस, घाण किंवा चुकीची जाड स्प्रिंग. पुढचे काडतूस उचललेच गेले नाही तर ट्यूबची स्प्रिंग आणि ट्यूबवरचा पोचा पाहा. ट्यूब रॉडवर रोखून बोटांनी फिरवली की बारीक पोचाही कळतो. गोळीचे टोक वर आपटून चिरडले तर लिफ्टर किंवा मॅगझिनचे ओठ वाकलेले असतात. पुंगळीवर पिनचा खड्डा उथळ असेल तर आधी दुसऱ्या कंपनीचे काडतूस वापरा, मग पिनची खोबण पुन्हा साफ करा, आणि घोड्याची स्प्रिंग शेवटी.

काडतुसांबद्दल: ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) शिशाची गोळी, स्टँडर्ड वेग सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंद, हाय-व्हेलॉसिटी सुमारे ३७० ते ३९०. मार्लिन ६० किंवा १०/२२ ला बहुधा हाय-व्हेलॉसिटी लागते, तर १९३० पूर्वीच्या रायफली स्टँडर्डवरच चालवा. त्याहून वेगवान, हलक्या गोळ्यांची काडतुसे यांत घालू नका: बोल्ट रिसीव्हरच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि तिथली बफर किंवा पिन तुटते. प्रत्येक रायफलीला एखादीच कंपनी मानवते, म्हणून चार-पाच प्रकारांची एकेक पेटी घेऊन दोन रिकाम्या तासांत कागदावर पाच-पाच गोळ्यांचे गट काढा, आणि जो प्रकार अडकत नाही त्याची पेटी नीट नोंदवून ठेवा.